एक खुडूक, तेरा अंडी

आता तुम्हीच सांगा मंडळी, भरवसा कुणावर टाकावा? अकरा वर्षं सेवा केलेल्या माणसावर, की तीन महिन्यांपूर्वी खरूज घेऊन दारात आलेल्या कुत्र्यावर?

हा प्रश्न केरबाचा. त्यानं तो आपल्या गुरूला, चांदशाबाबांना, तोंडावर विचारला होता.

“उद्या तुम्ही उरुसाला निघणार. चाळीस दिवस. खुराडं कुणाच्या हवाली?”

“भुऱ्या आहे ना,” बाबा म्हणाले.

“आणि मी?”

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. आधी कुत्र्याला दिला. मग स्वतः एक तोंडात टाकला, आणि चावत राहिले...

माळावर बाबांचा तकिया होता, फकिराचं ठाणं. अर्धा एकर जमीन, एक विहीर, दोन म्हातारी कुत्री आणि चाळीसेक कोंबड्या. लोक नवस फेडायला कोंबडी आणत. बाबा सुरी लावत नसत, सोडून देत. त्या सगळ्या पसाऱ्याचा कारभारी केरबा. तिन्हीसांजेला डोकी मोजायची, खुराड्याची फळी पाडायची, भिंतीवर कोळशानं आकडे लिहायचे. कुठली कोंबडी कुठल्या कोपऱ्यात अंडं घालते, डोळे मिटून सांगेल. गाव त्याला धाकले बाबा म्हणायचं. तो नको नको म्हणायचा, पण हळूच म्हणायचा.

मग भुऱ्या आला.

बाबांनी स्वतःच्या हातानं त्याच्या अंगाला करंजाचं तेल चोळलं. रोज. केरबा विहिरीवरून बघत उभा राहायचा. त्याला स्वतःला टायफॉइड झाला होता तेव्हा बाबांनी उंबऱ्यातूनच विचारलं होतं, “भात जाईल का रे?” बस, तेवढंच.

कुत्रं बरं झालं आणि रोज फळीपुढं आडवं पडू लागलं. मुंगूस फिरकेना. बाबा येता-जाता म्हणायचे, “शाब्बास, बेटा.” अकरा वर्षांत केरबाला एक बेटा मिळाला नव्हता.

त्या आदल्या दिवशी, बाबा भाकरी मोडत होते तेव्हा, त्यानं भुऱ्याचे घास मोजले. सात झाले.

निघायच्या दिवशी पहाट फुटली तसा केरबा खुराड्याशी गेला. आत दुरडीत एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. भिंतीवर त्याच्याच अक्षरात होतं: खुडूक १, अंडी १३. विसावा दिवस चालू होता. खुडूक दिवसातून एकदा उठते, दाणे टिपायला. ती उठली, आणि केरबानं दुरडीतलं एक अंडं उचललं.

बेत सोपा. अंडं निवडुंगात फेकायचं आणि नाव कुत्र्याचं घ्यायचं. अंड्याची चटक लागलेलं कुत्रं खुराड्यापाशी कुणी ठेवत नाही.

त्यानं हात उगारला.

अंडं हातातल्या हातात हललं.

केरबाचा हात वरच राहिला... मग खाली आला. अंडं त्यानं धोतराच्या ओच्यात, पोटाशी, गरम जागी खोचलं. परत ठेवावं म्हणून वळला तर खुडूक येऊन बसलेली. पिसं फुलवून असं काही टोचलं तिनं, की मनगटातून रक्त आलं.

आता मागं फिरायची सोय नव्हती. त्यानं चुलीपाशी ठेवलेलं एक ताजं अंडं फोडलं आणि भुऱ्याच्या तोंडाला फासलं. कुत्र्यानं चाटत चाटत शेपूट हलवली. भिंतीवरचा १३ पुसून त्यानं १२ लिहिला.

“बाबा! या, बघा तुमच्या बेट्याचे प्रताप!”

बाबा झोळी खांद्याला लावून आले. खाली वाकले. भुऱ्याच्या मिशीवरून बोट फिरवलं.

“काय गेलं?”

“खुडूकखालचं अंडं. एक कमी आहे. मी म्हटलं होतं की नाही? रस्त्यावरचं ते रस्त्यावरचंच. आत्ताच्या आत्ता हाकला त्याला.”

“खुडूकखालचं?”

“खुडूकखालचं.”

बाबांनी बोट केरबापुढं धरलं. बोटावर पिवळाधमक बलक होता.

“अकरा वर्षं कोंबड्या पाळतोस, केरबा. विसाव्या दिवशी अंड्यात काय असतं?”

पिल्लू असतं, बलक नाही. हे तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. रागाच्या भरात त्यालाच सुचलं नव्हतं.

“बस,” बाबा म्हणाले.

“उभाच बरा आहे मी.”

“बस रे. मी चाळीस दिवस नसणार.”

केरबा बसला. अगदी जपून, एक हात पोटाशी धरून. पोटशूळ उठलेला माणूस बसतो तसा.

विहिरीवर रहाट करकरला, थांबला...

आणि केरबाच्या ओच्यातून आवाज आला. बारीक. चिंव.

भुऱ्याचे कान उभे राहिले.

केरबानं ओच्याची घडी सोडली. त्यानं अंडं बाहेर काढलं. कवचाला तडा गेला होता आणि तड्यातून चोचीचं टोक दिसत होतं.

“फेकायला नेलं होतं मी,” तो म्हणाला. “नाही फेकवलं. बाबा... तुम्ही त्याला बेटा म्हणता.”

बाबांनी वाकून तडा पाहिला.

“दुरडीत ठेवू का परत?” केरबानं विचारलं.

“चोच मारतंय. आता हलवू नकोस. गरम ठेव.”

केरबानं अंडं दोन्ही तळव्यांत धरलं आणि हात पोटाशी घेतले. तेव्हा भुऱ्या उठला. तोंड अजून पिवळंच. त्यानं केरबाचे हात हुंगले, एक गोल फेरा घेतला, आणि केरबाच्या पायांपुढं आडवा पडला. केरबाकडं पाठ, माळाकडं तोंड. रोज फळीपुढं पडायचा, तस्सा.

ऊन वर आलं. केरबाच्या पायांना मुंग्या आल्या, पण तो हलला नाही.

बाबांनी झोळी सावरली. निघाले.

“बाबा!” केरबानं बसल्या जागेवरून हाक मारली. “खुराडं कुणाच्या हवाली, ते सांगून तरी जा!”

बाबा भिंतीपाशी थांबले. आकडे वाचले. खाली पडलेला कोळसा उचलून त्यांनी केरबाच्या मांडीवर ठेवला, आणि त्याच काळ्या बोटांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“अंडी पुन्हा तेरा कर, बेटा. आणि खुडूक एकच लिहिलीयस, तीही नीट मोज. मी नसताना हिशेब खरा ठेव.”