नातालबाय आणि कोरडी टाळू

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजीची पणजी रांगत होती तेव्हा, वसईच्या बाजूला समुद्राकाठी एक ख्रिस्ती पाडा होता. त्या पाड्याची सुईण नातालबाय. तिने नुसता हात लावला तरी अडलेली बाई सुटायची, असं म्हणतात. पण गावाचं काय, सोयीचं तेवढं त्याला आठवतं.

एकदा बस्त्यावच्या बायकोचं बाळंतपण अडलं. पोर जन्मलं तेच काळंनिळं. फादरना बोलवायला वेळ नव्हता, आणि अशा वेळी सुईणीनेच बाप्तिस्मा द्यायचा असतो. नातालबायने टाळूवर पाणी घातलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, आणि पोर गेलं. आई बेशुद्ध होती. मग बस्त्यावची बहीण फिलोमिना आत आली. तिने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, तर केस कोरडे.

"हिने पाणी घातलंच नाही," ती म्हणाली.

झालं. बाय दारू पिऊन बाळंतपणाला आली होती, इथवर गोष्ट संध्याकाळपर्यंत गेली. बाप्तिस्म्याविना मेलेलं म्हणून पोराला दफनभूमीच्या भिंतीबाहेर, काट्याकुट्यांत पुरलं. "मी पाणी घातलं गो," असं नातालबाय सांगत राहिली आणि सांगून सांगून थकली. तिला कोणी बोलवेना. ती रोज त्या भिंतीबाहेर जाऊन बसे. स्वतःचं नाव गेल्याचं दुःख तिने कसंबसं गिळलं, पण एवढंसं पोर बाहेर एकटं पडलंय, हे तिला सोसवत नव्हतं.

पुढे नवे फादर लोरेन्स आले. भिंतीबाहेर बसलेली बाय त्यांना दिसली आणि तिची गोष्ट त्यांच्या कानावर आली. ते घरोघर हिंडले आणि एकच विचारत राहिले, "तुम्ही स्वतः पाहिलंत, की ऐकलंत?" सगळ्यांनी ऐकलेलंच होतं. होता होता ते फिलोमिनापाशी पोचले, आणि तिथून नातालबायच्या ओट्यावर.

"केस कोरडे कसे होते, बाय?"

"मी पुसले, फादर. पदराने. गारठलं असतं ना ते."

"ते तर गेलं होतं."

"होतं," बाय म्हणाली. "तरी पुसले."

फादर तिच्याशेजारी ओट्यावर टेकले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"केसांचं मला कोणी विचारलंच नाही."

"रविवारी चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेत मी सगळ्यांना सांगतो."

"माझं राहू द्या. पोराला आत घ्या."

पोराला आत न्यायला माती उकरली, तेव्हा त्याची टाळू ओली होती, असं म्हणतात. खरंखोटं देवाला ठाऊक. गावाला मात्र पटायला चमत्कार लागला. त्या बाईला नीट विचारलं असतं तरी भागलं असतं. फिलोमिना रडत आली, बायने तिला जवळ घेतलं. पण बाय पुन्हा कोणाच्या बाळंतपणाला गेली नाही. हात दमले, म्हणाली.

आजही त्या गावात बाप्तिस्मा झाला की बाळाचं डोकं लगेच पुसत नाहीत. आधी घरातलं प्रत्येक माणूस ओल्या टाळूला हात लावतं. मग सगळ्यांत म्हातारी बाई "नातालबायच्या नावानं" म्हणते आणि आपल्या पदराने ती टाळू हळूच टिपते, बाळ गारठू नये म्हणून.