आप्पांची हिरवी भुलवणी

एकदा एका माणसावर रंग निवडता निवडता लग्नाला मुकण्याची वेळ आली. हसू नका. निवड करण्याच्या नादात हातचं काय काय जातं, हे ज्यांच्या आजवर अनुभवाला आलं नसेल, त्यांनी खुशाल पान उलटावं. बाकीच्यांनी बसावं.

त्या माणसाचं नाव केरबा. डोंगराच्या पायथ्याशी एक विस्तीर्ण तळं होतं आणि त्याच्या काठावर केरबाची वस्ती होती. वस्तीत जाळं टाकणारे पुष्कळ होते, पण गळानं मासा धरणं ही तिथं विद्या समजली जाई. त्या विद्येतले थोर अधिकारी म्हणजे आप्पा. वयानं वृद्ध, बोलायला कमी, आणि काठावर एकदा बैठक मारली की पुढं तासभर हलायचे नाहीत. अनेकांनी त्यांचं शिष्यत्व पत्करलं होतं, त्यांतला सर्वांत निष्ठावंत केरबा.

ही मंडळी गळाला किडा किंवा पीठ लावत नसत. कोंबड्याची दोन पिसं गळाशी बांधायची, त्यावर रंगीत दोरा घट्ट गुंडाळायचा, वर शिशाचा एक मणी. ती पाण्यात हलकेच नाचवली की मरळीला वाटतं, एखादी छोटी मासोळी चालली आहे, आणि ती झडप घालते. मरळ हा मासा मोठा भांडखोर. या पिसाच्या सोंगाला वस्तीत 'भुलवणी' म्हणत. मरळ भुलावी म्हणून भुलवणी. निदान बनवणाऱ्याचा हेतू तरी तेवढाच होता.

केरबाजवळ भुलवण्यांनी गच्च भरलेला पत्र्याचा डबा होता. डबा कसला, साडीचं दुकानच ते! शेंदरी, पोपटी, राणी, अबोली, डाळिंबी, मोरपंखी, विटकरी, लिंबू, चिंतामणी; काही दोन रंगी, काहींना जर लावलेली. सकाळच्या कोवळ्या उन्हाला अबोली, उन्हं चढली की लिंबू, ढग आले की जांभळी, आणि जांभळीला मासा लागला नाही तर फिकी जांभळी, असं त्याचं शास्त्र होतं. शास्त्र रोज वाढत होतं. मासे मात्र वाढत नव्हते.

आता याच्या मुळाशी एक घोटाळा होता, तो आधी सांगितला पाहिजे. आप्पांना कुणीही विचारलं, "आप्पा, रंग कोणता लावावा?" की त्यांचं उत्तर ठरलेलं, "हिरवा. हिरव्यासारखं दुसरं न्हाई." आणि आप्पांच्या स्वतःच्या गळाच्या काठीला जी भुलवणी लोंबत असे, ती टोमॅटोसारखी लालभडक!

आता कुणाही शहाण्या माणसानं काय केलं असतं? म्हटलं असतं, "आप्पा, ही तर लाल आहे." पण शिष्य नावाच्या प्राण्याची रीत वेगळी. त्याला साधं विचारण्यापेक्षा गूढ अर्थ लावण्यात जास्त सुख वाटतं. एक म्हणाला, गुरूंचा 'हिरवा' म्हणजे ताजा. भुलवणी रोज नवी बांधावी, असा त्यांचा संकेत आहे. दुसरा म्हणाला, छे, हिरवा हा पाण्याचा रंग. लाल बांधून मनात हिरवं आणायचं. केरबानं तर एकदा आप्पांची नजर चुकवून त्यांच्या भुलवणीचा दोरा उलगडून पाहिला. आत हिरवा सापडतो का, हे बघायला. आतही लालच निघाला. तेव्हापासून त्याची श्रद्धा दुप्पट झाली, कारण त्याला आता काहीच कळेनासं झालं होतं. त्यानं हिरव्यावर लाल आणि लालवर हिरवा दोरा गुंडाळून पाहिला आणि तिथून त्याच्या डब्यानं जे बाळसं धरलं, ते काही उतरलं नाही.

अशात केरबाची सोयरीक जुळत आली. पलीकडच्या काठावरच्या येसूमामांची मुलगी, हौसा. दोघांनी एकमेकांना जत्रेत पाहिलं होतं आणि दोघंही एकमेकांच्या मनात भरली होती. पण तळ्याकाठी एक रिवाज होता. सुपारी फोडण्याआधी मुलीचा बाप मुलाच्या घरी जेवायला येई, आणि त्याच्या ताटात मुलानं त्याच दिवशी स्वतः गळानं धरलेली मरळ पडावी लागे. जाळ्यातली चालत नसे, दुसऱ्यानं धरलेली तर मुळीच नाही. मुलगीही सोबत येई. आपण कुणाच्या घरात जातोय, हे तिनं डोळ्यांनी पाहावं म्हणून. मरळ ताटात पडली तर सुपारी फुटायची. नाही पडली, तर बाप पिठलं-भाकरी खाऊन, "पोरगं बोलायला चांगलं आहे हो," असं म्हणून उठायचा. या वाक्याचा अर्थ पुऱ्या तळ्याला ठाऊक होता. असा परत गेलेला बाप पुन्हा त्या घरी आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तो दिवस उजाडला. केरबाच्या आईनं वाटण वाटून ठेवलं, कालवणाचं पातेलं घासून लख्ख केलं आणि देवापुढं दिवा लावला. केरबा डबा घेऊन काठावर गेला. आप्पाही शेजारी येऊन बसले, पण काठी बाजूला ठेवून, हात बांधून. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा गळ पाण्यात पडायचा नाही, असा नियम होता.

केरबानं अबोलीनं सुरुवात केली. भुलवणी पाण्यात पडली न पडली तोच त्याला वाटलं, आज अबोली फिकी पडतेय. काढली. शेंदरी बांधली. शेंदरी पाण्यात टेकली आणि ऊन ढगाआड गेलं. काढली. दोरा दातानं तोडायचा, गाठ सोडायची, नवी भुलवणी ओवायची, थुंकी लावून गाठ आवळायची, ओढून बघायची. आणि हे सगळं होईतो ऊन परत यायचं. मरळीला मधूनमधून श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं. लव्हाळ्याच्या कडेला एक जाडजूड मरळ चांगली तोंड वर काढून गेली. केरबा तेव्हा मान खाली घालून मोरपंखीची गाठ मारत होता. थोड्या वेळानं ती पुन्हा आली. तेव्हा त्याच्या मांडीत गळ रुतला होता आणि केरबा तो काढत होता. आप्पांनी एक सुस्कारा टाकला.

ऊन डोक्यावर यायला लागलं तसे येसूमामा स्वतःच काठावर येऊन उभे राहिले. मागं हौसा. येसूमामा तोंडाचे फटकळ होते.

"काय पाव्हणं," ते म्हणाले, "जावईबापू म्हणायचं का नुसतं बापूच?"

येसूमामांची नजर उघड्या डब्यावर गेली. ते वाकले, बोटानं एकेक भुलवणी उलटीपालटी करून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एवढं रंग? आरं, सरडा लाजंल! सकाळधरनं हे असंच चाललंय व्हय?"

"मामा, मरळीला कुठला आवडंल सांगता येत न्हाई ना. म्हणून समदं ठेवल्यात," केरबा चाचरत म्हणाला.

मागून हौसा हळूच बोलली, "अन् एवढं करून बी न्हाई आवडलं तर? आणखी नवं आणणार?"

"आणीन की!" केरबा उत्साहानं म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, आपण आपली चिकाटी सांगतोय.

हौसानं मान फिरवली. येसूमामांनी तिच्याकडं पाहिलं, मग केरबाकडं, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून अगदी सावकाश म्हणाले, "पोरगं बोलायला..."

वाक्य पुरं व्हायच्या आत केरबानं आप्पांचे पाय धरले. "आप्पा, तुमच्या पाया पडतो. आता तरी फोड करून सांगा. कुठला रंग? खरा खरा कुठला?"

आणि इथं आप्पांनी ती विलक्षण गोष्ट केली. डब्यात हात घालून त्यांनी एक भुलवणी उचलली, केरबाच्या हातात दिली, "ही घे हिरवी," म्हणाले; मग डब्याचं झाकण लावलं आणि त्या झाकणावर मांडी घालून बसले. म्हणजे कोंबडी अंड्यावर बसते, तसे! येसूमामांचं वाक्य अर्धंच राहिलं.

केरबानं घाईघाईनं गाठ मारली, भुलवणी पाण्यात सोडली, आणि मग त्याचं लक्ष तिच्या रंगाकडं गेलं. डाळिंबी होती. शुद्ध डाळिंबी. समोर लग्न मोडत होतं आणि गुरू त्याला डाळिंबी देऊन हिरवी म्हणत होते. त्याचा सगळा धीर सुटला आणि इतक्या दिवसांत कुणीच न म्हटलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

"आप्पा, ही लाल हाय!"

"लाल?" आप्पा म्हणाले.

"लाल! अन् तुमची बी लालच हाय! समद्यांना ठाव हाय ते!"

आप्पांनी आपली काठी उचलली, तिची भुलवणी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "आसंल बाबा," ते म्हणाले. "मला त्यातलं काय दिसत न्हाई. जन्मापासनं. पिकली मिरची अन् कच्ची मिरची मला एकाच रंगाची दिसती. माझ्या बापाची भुलवणी हिरवी हुती, म्हणून लगीन झाल्यावर मी म्हातारीला म्हटलं, मला तसलीच करून दे. तिनं दिली करून. 'घ्या तुमची हिरवी,' म्हणाली. तेच रीळ अजून पुरवतोय." आप्पा थांबले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हंजे घरात हिरवा दोराच नव्हता! आरं देवा! म्हातारीनं मला बनवलं! अन् जाईपातूर एका अक्षरानं बोलली न्हाई!"

आप्पा हसायला लागले. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. त्यांना तिची फार फार आठवण आली होती आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही. हौसानं पदर डोळ्यांना लावला. केरबा आ वासून गुरूंकडं बघत राहिला. हातातल्या काठीचं त्याला भान नव्हतं. भुलवणी पाण्यात होती, हात नकळत थरथरत होता, त्यासरशी पाण्यातली पिसं नाचत होती. सकाळपासून पहिल्यांदाच एक भुलवणी इतका वेळ पाण्यात राहिली होती.

काठीला असा हिसका बसला की केरबा गुडघाभर पाण्यात गेला. मरळ लागली होती. काठी कमानीसारखी वाकली. "ढिला सोड! आता वढ!" येसूमामाच ओरडायला लागले, सासरा व्हायचं की नाही हे अजून ठरलं नव्हतं, पण मासा पाहून तळ्याकाठचा माणूस गप्प बसेल कसा? चिखलात लोळण घेत केरबानं मरळ काठावर आणली. हाताएवढी लांब होती. आप्पा डब्यावरून उठले नाहीत.

श्वास जागेवर आल्यावर केरबा त्यांच्यासमोर बसला. "आप्पा, म्हंजे लालच खरी?"

"खुळा का काय तू!" आप्पा म्हणाले. मग त्यांचा आवाज मवाळ झाला. "केरबा, मासा पाण्यात ऱ्हातोय. तुझी भुलवणी सकाळधरनं कुठं हुती? मांडीवर. मांडीवरल्या भुलवणीला मांडीच घावणार. मी काय शहाणा म्हणून मासं धरलं न्हाईत, लेका. डोळ्यानं अधू हाय म्हणून वाचलो. मला एकच रंग ठाव हुता, म्हणून गळ पाण्यात ऱ्हायचा. माझी हिरवी न्हवं, लाल हाय, हे तरुणपणी कळलं आसतं, तर मी बी आसाच डबा घेऊन बसलो आसतो. एक भुलवणी ठेव. ती झुडपात अडकली तर हाताशी दुसरी ठेव. एवढं पुरं."

"दुसरी कुठल्या..." केरबानं तोंड उघडलं आणि मिटलं. आप्पांनी ते पाहिलं, आणि ते डब्यावरून उठले.

दुपारी पंगत बसली. कालवणाला चव अशी की येसूमामांनी दोनदा मागून घेतलं. पण सुपारीला त्यांनी अजून हात लावला नव्हता. डब्यातले रंग त्यांच्या मनातून जात नव्हते. ज्याचं एका गोष्टीवर मन ठरत नाही, त्याच्या घरी पोर द्यायची कशी, हा बापाचा घोर होता आणि तो रास्त होता. हात धुऊन त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काय केरबा, लग्नाचा शालू कुठल्या रंगाचा घ्यायचा?"

केरबाच्या आईनं पातेल्यातली पळी तशीच धरून ठेवली. केरबाच्या ओठांवर किती रंग येऊन उभे राहिले असतील, याची कल्पना करा! चिंतामणी, राणी, मोरपंखी, सगळे.

"मामा, शालू हौसा नेसणार. तिनं निवडावा," तो म्हणाला. "एकदा तिनं हात ठेवला की मी दुसरा दाखवा म्हणणार न्हाई. जल्मात न्हाई."

येसूमामांनी मुलीकडं वळून पाहिलं. "काय गं? निवडशील?"

हौसा दाराशी उभी होती. तिनं केरबाकडं एकदा नीट पाहिलं. त्याच्या कानामागं अजून तळ्याचा चिखल होता.

"निवडलाय म्या," ती म्हणाली.

ती शालूविषयी बोलत नव्हती, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं. येसूमामांनी सुपारी पुढं ओढली आणि फोडली.

आता तो शालू पुढं कोणत्या रंगाचा घेतला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर कृपा करून ही गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचा.