धाकोजी गुरवाची न खुडलेली बाग

फार फार वर्षं झाली याला. किती, ते विचारू नका. वेळंब्यात दहा जणांना विचाराल तर अकरा उत्तरं मिळतील. तेव्हा डोंगरउतारावरच्या या गावात, जाखाईच्या देवळात, धाकोजी नावाचा गुरव पूजा करायचा. आज त्याला सगळे मोठा जाणता म्हणतात. खरं सांगू? बिचाऱ्याला आयुष्यभर काही म्हणजे काही नीट कळलं नाही.

गाव जगायचं वेलांवर. काकडी, पडवळ, दोडकी, भोपळे. एका पावसाळ्यात फळ कमी धरलं आणि गावाला वाटलं, जाखाई रुसली. म्हणून लोक तिला लाख फुलांची लाखोली बोलले. रानातला तेरडा, सोनकी, कुर्डू, सगळं खुडून झालं तरी लाख काही भरेनात. मग वेलांवरची नुसत्या देठाची फुलं खुडली. ज्या फुलाखाली इवलंसं फळ असतं तेवढी ठेवली. बाकीची काय, बिनकामाचीच. पुढच्या वर्षी फळ आणखी कमी, म्हणून दोन लाख फुलं. तिसऱ्या वर्षी तर फळं बोटाएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि गळायची.

राघो गावकर गावाचा मुख्य. तो म्हणाला, "पुढल्या दसऱ्यापर्यंत बघू. नायतर गाव उठवायचा."

धाकोजीला वेगळाच घोर लागला. माणसं जातील, पण जाखाई कुठे जाणार? आणि तिला एकटीला टाकून आपण तरी कसं जायचं?

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस तो परसातल्या भोपळीची फुलं खुडायला गेला. नुसत्या देठाच्या एका फुलात मधमाशी बसली होती, अंगभर पिवळी धूळ माखून. त्याने हात मागे घेतला. माशी उठली, शेजारच्या, खाली इवलंसं फळ असलेल्या फुलात गेली, पुन्हा दुसऱ्या फुलात. धाकोजी बघत राहिला आणि त्या दिवशी तो वेल खुडायचाच राहिला. पुढे गावात भोपळा धरला तो फक्त त्या वेलाला.

झालं, धाकोजीचं डोकं चक्रावलं. ज्या वेलाची फुलं देवीला दिली नाहीत, तोच कसा फळला? चोरीचं बक्षीस असतं का कुठे?

त्याने गावासमोर देवीला कौल लावला. दोन ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "आई, फुलं माशीसाठी ठेवू काय?" असं विचारायला आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडायला एकच गाठ पडली, असं म्हणतात.

"अरे, म्हणजे हो की नाय?" राघो ओरडला.

"माझी आण, मला कळत नाय," धाकोजी म्हणाला.

पण त्याने देवळामागच्या जमिनीत बाग केली. आखणी कसली येते त्याला! माश्यांच्या मागे मागे फिरायचा आणि त्या जिथे बसतील ते झाड आणून लावायचा. तुळस, शेवगा, तेरडा, सोनकी, करंज. एकही महिना बिनफुलांचा राहू दिला नाही, कारण माशीला एकादशी नसते. पाण्याच्या परातीत खडे ठेवले, माश्या बुडू नयेत म्हणून. त्यांना घर म्हणून मडकी उपडी टांगली. त्याची बायको भागी म्हणायची, "अवो, लोक हसतात." तो म्हणायचा, "मलाही हसूच येतंय."

पुढचा श्रावण आला. माणसं लाखोलीच्या टोपल्या घेऊन थेट त्याच्या बागेत शिरली. धाकोजी आडवा आला, पण त्याला धड कारणही सांगता येईना. "आईने हो म्हटलंय... नाय पण म्हटलंय," एवढंच तो रडत रडत म्हणत राहिला. तेवढ्यात मडक्यांतून माश्या उठल्या. ऊन झाकोळलं, असं म्हणतात. त्या कुणाला चावल्या नाहीत. त्या गाभाऱ्यात गेल्या आणि जाखाईला मुकुटापासून पावलांपर्यंत झाकून बसल्या. फूल वाहायला बोटाएवढी जागा उरली नाही. महिनाभर त्या हलल्या नाहीत, असंही म्हणतात. मग फुलं खुडणार कोण आणि वाहणार कुठे?

त्या दसऱ्याला भोपळ्यांच्या भाराने गोठ्यांची छपरं वाकली. गाव उठलं नाही.

धाकोजी म्हातारा होऊन गेला तेव्हा गावाने त्याच्यावर फुलं वाहायची ठरवली. राघोचा मुलगा टोपली घेऊन बागेत गेला. मागून सगळं गाव गेलं. बाग नुसती भरली होती आणि प्रत्येक फुलात कुणी ना कुणी बसलेलं. खुडावं तर कसं, न खुडावं तर धाकोजीला निरोप कसा द्यावा? शेवटी भागी म्हणाली, "चला आता. त्यांना तुळशीचं पान पुरे."

तेव्हापासून वेळंब्यात कुणाच्याही तिरडीवर फूल नसतं. बाराव्या दिवशी घरचं माणूस त्या बागेत एक रोप लावतं. पाहुणे विचारतात, मेलेल्या माणसाला साधं फूलही नाही का हो? गावातली माणसं म्हणतात, आहे की, पण ते त्याने माशीसाठी ठेवून दिलंय.