दाभणावर राहिलेले अर्ज

"आठ दिवसांनी मी काय विचारीन, ते आज सांगणार नाही! पण विचारलं की माझा विडा चघळून होण्याआधी नेमके तेवढेच अर्ज समोर हवेत. नाहीतर कोंडाजी, चाकरी सोडा आणि घरी बसा!"

जांभुळगडचे त्रिंबकराजे हट्टाला पेटले की कोणाच्या बापाचं ऐकत नसत. दफ्तरात रयतेच्या तक्रारींचे नऊशे अर्ज. गावावार लावले तर राजे तारीख विचारत, तारखेवार लावले तर गाव! म्हातारे दफ्तरदार कोंडाजी रडकुंडीला आले.

त्यांची सून भिवरा गोणपाटं शिवायची. ती म्हणाली, "मामंजी, अर्ज लावूच नका. कारकुनांना वाचू द्या, भोकं मी पाडते!"

"सरकारी कागदाला भोकं? बाई, चाकरी जातेच आहे, आता मुंडकंही घालवतेस का?"

पण भिवरा कसली ऐकतेय! तिने प्रत्येक अर्जाच्या कडेला एका रांगेत दहा भोकं पाडली. पहिलं पाण्याच्या तक्रारीचं, दुसरं रस्त्याच्या, तिसरं ज्याच्यावर दोष त्याच्या नावाचं, अशी सगळी ठरवून टाकली. अर्जात ती गोष्ट असली, की तिचं भोक कडेपर्यंत कापून मोकळं करायचं.

ठरल्या दिवशी राजांनी विडा तोंडात टाकला. "पाण्याच्या तक्रारी!"

भिवराने गठ्ठ्यांच्या पहिल्या भोकांतून दाभण घातलं, उचललं, झटकलं. कापलेल्या भोकांतून दाभण सुटलं आणि पाण्याचे अर्ज टपाटप खाली!

राजे चमकले. पण हार मानतील तर ते राजे कसले! "आता जे लिहिलेलंच नाही ते शोध! ज्यांत दोष कोणाचा ते नाव नाही, असे अर्ज!"

कोंडाजी घाईघाईने कागद चाळू लागले. भिवराने तिसऱ्या भोकांत दाभण घातलं. अर्जांचा ढीग पडला.

"फसलीस! यांत तर नावं आहेत!"

"पडलेले नकोतच, महाराज. नाववाले सुटले. दाभणावर राहिले ते बिननावाचे!"

चाळीस अर्ज होते. राजे वाचू लागले. हत्तीने ऊस खाल्ला. हत्तीने केळी मोडल्या. हत्तीने कुंपण पाडलं.

"सगळे हत्तीचेच? मग मालकाचं नाव का लिहीत नाहीत लेकाचे? कोण आहे तो?"

दरबारी आपापली पागोटी सावरू लागले. मुलखात हत्ती एकाच घरी होता!

भिवरा हात जोडून म्हणाली, "नाव सांगते, महाराज. पण आधी एवढं सांगा, त्याची तक्रार करायची कोणाकडे?"

राजांना असा ठसका लागला की विडा बाहेर! मग ते गडगडाट करून हसले. "हत्तीला साखळी घाला! कोंडाजींची चाकरी कायम, आणि या पोरीला वीस बिघे जमीन!"

"जमीन हत्तीच्या वाटेवरची नको हं, महाराज!" भिवरा म्हणाली, आणि राजे पुन्हा पोट धरून हसले.