फणसोंबा आणि दुसरं झाड

"मग मी चुकलो कुठे?" सर्वेशने विचारलं.

उदेबुवा पडलेल्या फणसाच्या झाडाकडे बघत होते.

"नाही चुकलास," ते म्हणाले.

फणस फिलोमिनाबायच्या पडवीवर आडवा झाला होता. छपराचे नळे फुटले होते, वासे मोडले होते. त्याखाली तिची खाट होती. खाटेचे दोन खूर तेवढे बाहेर दिसत होते.

काल दुपारी वारा सुटला तेव्हा बाय विहिरीवर होती, म्हणून वाचली. एरवी त्या वेळी ती खाटेवर पडलेली असायची.

आणि खाट तिथे सर्वेशनेच ठेवली होती.

बुवांनी चाळीस वर्षं रानात करवत ओढली होती. हात थकले तसे ते गावाबाहेरच्या मठीत राहायला गेले. कुणाच्या परसातलं झाड आजारी वाटलं, की लोक त्यांना बोलावत. सर्वेश केरकर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. दोन वर्षं तो सुटीच्या दिवशी बुवांच्या मागे फिरत होता. गेल्या महिन्यात बायचा निरोप आला, तेव्हा तो म्हणाला होता, "या वेळी मी एकटा जातो, बुवा. मला ओळखता येतं आता."

बुवा नको म्हणाले नाहीत.

बायच्या घराच्या दोन अंगांना दोन फणस. उत्तरेकडच्या खोडाला फणसोंबा फुटला होता. फणसोंबा म्हणजे जिवंत झाडाला लागणारं, लाकडासारखं टणक अळंबं. सर्वेशने लांबूनच ओळखलं. घोड्याच्या टापेसारखा आकार, वरून काळा, भेगाळलेला. खालून तांबूस, बारीक बारीक छिद्रं. कडेला थर होते. त्याने ते मोजले. अकरा.

"अकरा वर्षं हा या झाडाला खातोय, बाय," तो म्हणाला होता. "झाड आतून कुजलंय. या बाजूला झोपू नका."

त्याने स्वतःच तिची खाट उचलून दक्षिणेच्या पडवीत नेऊन ठेवली होती.

वाऱ्याने दक्षिणेचा फणस पाडला. उत्तरेचा उभा होता, फणसोंब्यासकट.

"तो फणसोंबा नव्हता का, बुवा?"

"होता की."

"तो जिवंत झाड खातो ना?"

"खातो."

"म्हणजे मी बरोबर होतो."

"असं मी कुठे म्हटलं?"

चुकला नाहीस म्हणतात, बरोबरही म्हणत नाहीत. सर्वेश उत्तरेच्या झाडाकडे गेला, फणसोंब्यावर हात ठेवून उभा राहिला, परत आला. पुन्हा जावंसं वाटलं त्याला. का, ते कळेना.

तेवढ्यात बाय अंथरुणाची वळकटी काखेत घेऊन बाहेर आली आणि उत्तरेच्या खोलीकडे चालू लागली.

"बाय, तिथे नका झोपू," सर्वेश म्हणाला.

ती थांबली. तिच्या तोंडावर राग नव्हता.

"मगे खंय निजू, भाऊ?"

त्याने बुवांकडे पाहिलं.

"सांग तिला," बुवा म्हणाले.

"काय सांगू?"

बुवा पडलेल्या खोडावर टेकले.

बाय आत गेली. तिने अंथरूण झटकल्याचा आवाज आला.

सर्वेश मोडक्या वाशावर बसला.

"माझ्यावर रागवा तरी, बुवा. ती मेली असती."

"हो. मेली असती."

"पण मी हे झाडसुद्धा पाहिलं होतं. बुंधा पाहिला, फांद्या पाहिल्या. सालीवरून हात फिरवला. याच्यावर काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं?"

"काहीच नाही."

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. खोडाच्या कडेकडेने चालत ते मोडल्या जागी आले. तिथे काळोखं भगदाड होतं; खोड आतून पोकळ होतं.

"हात घाल."

सर्वेशने हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत. तळ लागेना. शेवटी बोटांना काहीतरी मऊ, गार लागलं. त्याने मूठभर ओढून काढलं.

पांढुरका भुसा. दाबला की ओल्या चिंधीसारखा चिकटत होता, सोडला की तंतू तंतू होऊन लोंबत होता. त्याने तो तळहातावर पसरला, उलटा केला, नाकाशी नेला. ना आकार, ना थर, ना छिद्रं. त्याला ठाऊक असलेली एकही खूण त्यात नव्हती.

"बुवा… हे काय आहे?"

बुवांनी त्याची मूठ हलकेच मिटली.

"तूच ओळखलं होतंस ना," ते म्हणाले. "काहीच नाही म्हणून."