अपवादांची बैलगाडी

आटपाट नगराच्याही पलीकडे, नदीला जिथे भलतंच रुंद वळण पडलं होतं, तिथल्या एका गावात इंग्रजीचे एक मास्तर राहत होते.

मास्तर म्हणजे वल्ली! त्यांची शिंकसुद्धा व्याकरणशुद्ध असते, असं लोक म्हणत. वीस वर्षांत त्यांची एकही चूक कुणी पकडली नव्हती. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की आरशासमोरून जाताना ते स्वतःलाच नमस्कार करत.

एके दिवशी गावात दवंडी आली. "ऐका हो ऐका! सातासमुद्रापलीकडची राणी महिन्याभराने नावेतून येणार! जे गाव तिच्या भाषेत, एका आवाजात, बिनचूक स्वागत करील, त्या गावाला ती पूल बांधून देणार होऽऽ!"

पूल! गावात नुसती धांदल उडाली. नदी फुगली की गाव चार-चार महिने तुटायचं. वैद्य पलीकडे, बाजार पलीकडे, आणि गावाने दिलेल्या लेकी, त्याही पलीकडेच. पाटील एका पायात वहाण घालून मास्तरांकडे पळत आले.

"मास्तर, पूल झाला तर तुमच्यामुळे, बुडाला तर तुमच्यामुळे!"

"पाटील, निर्धास्त राहा," मास्तर म्हणाले. "महिन्याभरात इथल्या गाई इंग्रजीत हंबरतील."

पाटलांनी हुकूमच काढला: राणी येईपर्यंत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गावाने इंग्रजीतच बोलायचं, अडलं तर तेवढं मास्तरांना मराठीत विचारायचं. मारुतीच्या पारावर शाळा भरली. मास्तरांनी पैलवानाला पुढे उभं केलं.

"हा कर्ता. एकटा आहे. एकट्या माणसाकडे जाताना क्रियापदाने मान राखायचा, डोक्याला एसचा फेटा बांधून जायचं. द मॅन ईट्स!" मग पैलवानाशेजारी आणखी चौघे उभे केले. "आता झाला घोळका. घोळक्यात फेटा कोण बघतंय? काढून ठेवा. द मेन ईट!"

"आणि मी, तुम्ही?" न्हाव्याने विचारलं.

"आय आणि यू म्हणजे घरचीच माणसं. घरात कुणी फेटा बांधून बसतं का?"

पार हसून हसून हलला. मास्तर पुढे म्हणाले, "तसंच, इज एकट्याचा, आर घोळक्याचा. मध्ये कितीही गर्दी असो, क्रियापदाने नजर कर्त्यावरून हलवायची नाही!"

लोकांना हे इतकं आवडलं की आठ दिवसांत अख्खं गाव फेटे बांधत आणि सोडत बोलू लागलं. नवव्या दिवशी मास्तर स्वागताचं वाक्य सांगायला उभे राहिले. राणीला द्यायची आंब्यांची टोपली नमुन्यादाखल त्यांच्या पुढ्यातच ठेवली होती. आंबे पिवळेधमक, घमघमाट असा की चार कोसांवरच्या माश्या वाट विचारत आल्या होत्या. मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं, नजर आंब्यांवर खिळली आणि त्याच तंद्रीत ते म्हणाले, "द बास्केट ऑफ मँगोज आर फॉर यू!"

गावानेही तेच म्हटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून टोपल्या विणणारी बाई उठली. तिची लेक पलीकडच्या गावात दिलेली होती आणि पहिलटकरीण होती. पुलाची जेवढी घाई तिला होती तेवढी पाटलांनाही नव्हती.

"मास्तर, एक विचारू? टोपली एकच आहे. मीच विणलीय, बोटं सोलली माझी. बोलायचंय टोपलीबद्दल, मग क्रियापद आंब्यांकडे कशाला बघतंय? इथे इज नको का?"

मास्तरांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. बाईचं बरोबर होतं! अगदी त्यांच्याच नियमाने बरोबर होतं. "माझं चुकलं," एवढे दोनच शब्द. ते घशातून वर आले, दातांपर्यंत पोचले. पण समोर सगळं गाव बसलेलं, आणि वीस वर्षांचं नाव! मास्तरांनी ते दोन शब्द गिळून टाकले.

"खाली बस! हा अपवाद आहे," ते गरजले. "फळं टोपलीत असली की क्रियापद फळांकडे बघतं. लिहून घ्या!"

लोकांनी लिहून घेतलं. बाई खाली बसली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी धनगर आला. "मास्तर, मेंढरांच्या कळपाचं काय?"

आता आंब्यांना एक न्याय आणि मेंढरांना दुसरा, असं कसं चालेल? मास्तर घामाघूम झाले. "मेंढरं वाड्यात असली तर कळपाकडे बघायचं, चरायला गेली तर मेंढरांकडे."

"आणि निम्मी आत, निम्मी बाहेर?"

"तो... तो वेगळा अपवाद!"

तेल्याने बुधल्याचं विचारलं, शिंप्याने गाठोड्याचं, पाटलीणबाईंनी बांगड्यांच्या जोडाचं. पहिल्या अपवादाला सांभाळायला दुसरा, दुसऱ्याला टेकू द्यायला तिसरा! अपवादांची वही भरली, मग वह्यांची पेटी भरली, मग पेट्यांसाठी बैलगाडी जुंपली. दोन बैलांना ओढेना, तेव्हा चार जुंपले. तोंडातून वाक्य काढायचं तर आधी गाडी गाठायची, असा रिवाजच पडला. एकदा न्हाव्याला पैलवानाच्या पायाशी साप दिसला. "द स्नेक..." एवढं बोलून तो पुढचं क्रियापद बघायला गाडीकडे पळाला. तो परत येईपर्यंत साप कंटाळून निघून गेला होता!

मास्तर मात्र वाळत चालले. आरशासमोरून जाताना ते आता तोंड फिरवून घेत. टोपल्या विणणारी बाई रोज मागच्या रांगेत येऊन बसे आणि नुसती बघे. ते बघणं मास्तरांना छडीसारखं लागायचं.

आणि उजाडला तो दिवस! नदीच्या वळणावर सोनेरी शिडाची नाव दिसली. ढोल, ताशे, हलगी, नुसता दणदणाट! राणी नावेच्या टोकाशी येऊन उभी राहिली आणि ऐकायला कानामागे हात धरून थांबली. वाद्यं गप्प झाली. पाटील पुढे झाले.

"द बास्केट..." पाटील म्हणाले आणि अडकले. "मास्तर, आंबे टोपलीत, पण टोपली माझ्या डोक्यावर. डोक्यावरच्या टोपलीला काय लागतं?"

"आणि आज अमावास्या आहे," न्हावी म्हणाला. "अमावास्येचा अपवाद कुठल्या पेटीत?"

"तिसऱ्या!"

"नाही, नवव्या!"

गाडीभोवती झुंबड उडाली. कुणी पेटी उपसतंय, कुणी वही ओढतंय, आणि एवढ्या मोठ्या गावाच्या तोंडून एक वाक्य निघेना! राणीने थोडी वाट पाहिली. मग तिने मान हलवली. नावाड्याने वल्हं पाण्यात घातलं.

"मास्तर!" टोपल्या विणणाऱ्या बाईने हाक मारली. त्या टोपलीच्या प्रश्नानंतर पहिल्यांदाच ती बोलत होती. "मी एकटी ओरडून उपयोग नाही. सगळ्या गावाने म्हणायला हवं, आणि गाव तुमचंच ऐकतं. माझी पोरगी पलीकडे वाट बघतेय हो!"

मास्तरांनी नावेकडे पाहिलं. नाव वळत होती. त्यांनी बाईकडे पाहिलं. मग धोतर सावरलं, गाडीवर चढले, पेट्यांच्या ढिगावर उभे राहिले आणि वीस वर्षांत ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडले,

"माझं चुकलं! ऐका सगळे! यातला एकही अपवाद खरा नाही. एक चूक झाकायला मी हे सगळं रचलं. बाई पहिल्या दिवसापासून बरोबर होती. टोपली एक, म्हणून इज! म्हणा!"

मग पैलवान फिस्सकन हसला, पाठोपाठ पाटील, आणि बघता बघता सारा काठ हसत सुटला. डोक्यावरचं मणाचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं झालं! आणि त्या हसण्यातूनच हजार गळ्यांनी एकदम गर्जना केली,

"द बास्केट ऑफ मँगोज इज फॉर यू!"

आवाज असा की नदीतले मासे उडून काठावर आले आणि मुकाट्याने परत गेले. नाव थांबली. नाव वळली! राणी काठावर उतरली, आंबा तिथेच चोखू लागली, आणि रस कोपरापर्यंत ओघळत असतानाच काठीने वाळूत पुलाची जागा आखून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर पाराकडे निघाले ते मान खाली घालून. आज कोण येणार शिकायला? येऊन बघतात तर पारावर पाय ठेवायला जागा नाही! महिनाभर अपवादांच्या ढिगाखाली दबलेले प्रश्न घेऊन सगळे हात वर करून बसले होते. मास्तरांनी पहिल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्याचं दिलं. तिसरा प्रश्न टोपल्या विणणाऱ्या बाईचा होता, आणि तो असा अवघड होता की मास्तर डोकं खाजवत राहिले.

"हे मला ठाऊक नाही," ते शेवटी म्हणाले. "उद्या बघून सांगतो."

"बरं," बाई म्हणाली आणि खाली बसली. आभाळ काही कोसळलं नाही.

तात्पर्य, मुलांना सांगावं आणि मोठ्यांनी आधी स्वतःला सांगावं असं: "माझं चुकलं" म्हणायला एक श्वास पुरतो, ते म्हणायचं टाळलं, तर रोज नवं खोटं जुंपावं लागतं.