राजाच्या डोळ्यांचा जन्मीचा रंग

एका राज्यात राजाचे डोळे रोज नव्या रंगात रंगवीत. न्यायाला करडे, सणाला निळे, लढाईला हिरवे. हे जादूचे अंजन घाली भागूबाई. चाळीस वर्षे घालून घालून बाईचा जीव मेटाकुटीला आला होता. कंबर वाकली, गुडघे कुरकुरू लागले, पण सुटी म्हणून नाही!

एके सकाळी सोमकेतू राजाचे डोळे चुन्यासारखे पांढरे पडले. मांत्रिक म्हणाला, "उसन्या रंगांचा शाप. सांजेपर्यंत जन्मीचा रंग परत घाला, नाहीतर दृष्टी कायमची गेली."

"घाला मग. कोणता होता?" राजाने विचारले.

राजापुढे मान खाली घालायची, ही तिथली रीत. त्या डोळ्यांत कुणी कधी पाहिलेच नव्हते. भागूबाईनेही पाहिले ते आपले अंजन. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्याच हातांनी घात केला, म्हणत ती निघाली.

आधी तिने महालातल्या बोलक्या मैनेला विचारले. मैना म्हणाली, "पिंजरा खाली टांगलाय. मला राजाचे जोडे तेवढे ठाऊक."

मग तोंडे ध्यानात ठेवणाऱ्या तळ्याला विचारले. तळे म्हणाले, "तो आला तेव्हा रंगवूनच आला होता."

आता कुठे जायचे? घरी येऊन ती गोधडीवर कोसळली, आणि नाकासमोरच एक तपकिरी डाग दिसला. सात दिवसांचा राजा पहिल्या अंजनाने रडला होता. तिने पदराने डोळे पुसले होते. तो पदर पुढे गोधडीत गेला. काजळ समजून चाळीस वर्षे घासला, तरी डाग हटला नव्हता.

"अगं बाई, हाच की तो! आसवांबरोबर उतरलेला जन्मीचा रंग!" भागूबाई गोधडी काखेत मारून धापा टाकत महालात पोचली. सांज होत आली होती, ऊन भिंतीवर चढले होते. डागाचा कोपरा पाण्यात भिजवून तिने राजाच्या डोळ्यांवर धरला. डाग गेला. डोळे उघडले, ते चिंचोक्यासारखे तपकिरी.

राजाने आरसा पाहिला. "एवढेच?"

"एवढेच, महाराज. गावात सगळ्यांचे असतात तसेच."

राजाने तिच्याकडे नीट पाहिले. "भागूबाई, किती थकलीस गं!"

चाळीस वर्षांत हे कुणी म्हटले नव्हते. तिला रडूच फुटले. "थकले हो, महाराज," म्हणत ती राजासमोरच मटकन बसली.

त्या दिवसापासून दरबारात माना वर झाल्या, अंजनाच्या डब्या तळ्यात गेल्या, आणि भागूबाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. कुणी उठवले नाही.